अण्णा, बुधवारबद्दल माफी नाही

अण्णा, विजूताईंचं म्हणणं असं, की मी तुमच्या फोटोसमोर उभं राहून एकदा माफी मागावी, म्हणजे विषय संपेल. मोठ्याने म्हणायचीही गरज नाही म्हणाल्या, मनातल्या मनात म्हटलीस तरी चालेल, पण उभी राहा. तर ही मी उभी राहिले. सकाळचे दहा वाजलेत. सुहास ऑफिसला गेलाय, ईशा समोरच्या घरी खेळायला गेलीय, आणि विजूताई वरच्या खोलीत बॅग भरतायत, संध्याकाळी त्यांचं घरी, प्लेनोला, परत जायचं विमान आहे. उभी राहिले, तुमच्याकडे पाहिलं, आणि मग सरळ खुर्ची ओढून कागद घेऊन बसले. माफी काही मी मागणार नाही.

फोटोही काय निवडलाय बघा. तुमच्या ग्रीन कार्डासाठी काढलेला, एक कान दिसलाच पाहिजे म्हणून मान वळवलेला. दुसरा चांगला मिळेना, म्हणून सुहासने तोच मोठा करून आणला. त्यात तुम्ही कुणाचं तरी बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करताय असं वाटतं. बहुतेक माझंच.

विजूताई म्हणजे तुमची मुलगी, आणि वडील गेल्याचा फोन आल्यावर मिळेल त्या विमानाने धावत आल्या. त्यांच्यावर माझा राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग आहे, आणि त्यांचाही माझ्यावर आहे. गेले दोन आठवडे आम्ही एकमेकींना आग्रह करकरून जेवायला वाढतोय आणि एका शब्दानेही सरळ बोलत नाही. फक्त परवा तेराव्याची माणसं गेल्यावर भांडी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "मेधा, तू मुद्दाम केलंस असं मी म्हणतच नाही. पण चूक ती चूक. एकदा सॉरी म्हण अण्णांना. आय विल लेट इट गो." सुहास तिथेच टेबलाशी उभा होता. तो काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला ताईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यांच्या मते चूक कोणती, तर मी तुम्हाला मासे खायला घातले. हृदयाच्या पेशंटला, डॉक्टरांनी मीठ तोडलेलं असताना, नवऱ्याला न सांगता, जवळजवळ वर्षभर. हे सगळं खरं आहे. शब्दन्‌ शब्द खरा आहे.

आता माझं ऐका.

तुम्ही अमेरिकेत आमच्याकडे, पिस्कॅटवेला आलात ते २००३च्या सप्टेंबरात, सुहासची आई गेल्यावर. पहिल्याच हिवाळ्यात तुम्हाला दम लागला, हॉस्पिटल झालं, आणि घरी आल्यावर सुहासने एक्सेलमध्ये तुमच्या जेवणाचा तक्ता केला. सकाळी ओटमील, दुपारी उकडलेल्या भाज्या, पाणी मोजून, मीठ जवळजवळ नाहीच. शेवटचा रकाना वजनाचा. तो तक्ता त्याने फ्रिजवर लावला आणि रोज रात्री ऑफिसातून आल्यावर स्वतः भरला. त्याची तुमच्यावरची माया त्या तक्त्यात होती हे मला तेव्हाही कळत होतं. पण तुम्ही त्या ओटमीलकडे जसं बघायचात, ते सुहासने कधी पाहिलं नाही, कारण तो तेव्हा ऑफिसच्या वाटेवर, टर्नपाइकवर असायचा. मी पाहिलं. वेंगुर्ल्याच्या बाजूला खाडीकाठी जन्म काढलेला, शाळेचा हेडमास्तर म्हणून सगळ्या गावाला धाकात ठेवलेला माणूस, चमचा हातात धरून खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत बसायचा. बोलणं तुम्ही कमी कमी करत आणलंत. आधी फोनकार्ड खरवडून गावी फोन लावायचात, नंतर तेही सोडलंत. विचारलं तर म्हणायचात, "काय सांगायचं? आज ओट्स खाल्ले म्हणून?"

मग तो बुधवार आला. बुधवारी माझी लायब्ररीतली नोकरी नसते, म्हणून तुमच्या डॉक्टरकडच्या खेपा माझ्याकडे. त्या दिवशी तपासणी लांबली, परत येताना दीड वाजला. ड्रायक्लीनरकडून सुहासचे शर्ट घ्यायचे म्हणून मी त्या छोट्या मॉलपाशी गाडी थांबवली. बाहेर आले तर तुम्ही गाडीत नाही. बघते तर तुम्ही शेजारच्या इटालियन हॉटेलच्या दाराशी उभे, काठीवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून.

"अण्णा, काय होतंय?"

"तिसऱ्यो," आतून येणाऱ्या शिंपल्यांच्या वासावर तुम्ही म्हणालात. माझ्याशी तुम्ही कायम शाळेतलं मराठी बोलायचात, सून पुण्याची म्हणून. मालवणी निघायची ती फार राग आला तर, नाहीतर फार आनंद झाला तर. "ताज्यो आसत. आज वार कुठला गो?"

बुधवार होता. तुमच्याकडे रविवार, बुधवार, शुक्रवार हे मासे खायचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार नाही. हे मला लग्नानंतर पाठ करावं लागलं होतं. मी स्वतः कधी तोंडात काही घातलं नव्हतं, आणि घर बंद खिडक्यांचं, वास राहतो, म्हणून आमच्याकडे मासे शिजतही नव्हते. तक्त्यात तर वारांना जागाच नव्हती. सगळे दिवस सारखे.

मी म्हणायला हवं होतं, चला अण्णा, घरी चला. मी म्हटलं, "आत जाऊ या."

त्या पहिल्या जेवणाचा तपशील मी विजूताईंना सांगितलेला नाही, तुम्हाला सांगते. टेबलावर पांढरा कागद अंथरलेला, पोरांसाठी पेल्यात रंगीत खडू. तुम्ही मेनूकार्ड लांब धरून वाचलंत, परीक्षेचा पेपर वाचावा तसं. कलामारी म्हणजे आपली माकुलं हे मी समजावलं. लिंग्विनी म्हणजे काय ते मलाच सांगता येईना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "शेवया म्हण ना." तर शेवयांवर तिसऱ्या आल्या, लसणात आणि ऑलिव्ह तेलात, वर हिरवं काहीतरी चिरून. मी पुण्याची, समोर शेवया दिसल्यावर माझा हात चीझकडे जाणार. मी वेट्रेसकडे चीझ मागितलं. ती जरा घुटमळली आणि आत गेली, आणि आतून मालकच बाहेर आला. सॅल. तुमच्याच वयाचा, कमरेला फडकं, भुवया एवढ्या दाट.

"नो चीझ ऑन फिश, स्वीटहार्ट," तो म्हणाला. "माझी आई थडग्यातून उठून येईल."

"काय म्हणता तो?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही काटा खाली ठेवलात आणि खुर्चीत ताठ बसलात. "बरोबर बोलता! माशावर कोण दूध-दुभता घालता? अंगावर कोड फुटतला. सांग त्याला, सांग."

मी सांगितलं. सॅलने ते फार गंभीरपणे ऐकून घेतलं, हात फडक्याला पुसला आणि तुमच्यापुढे केला. वर्षभरात मी तुम्हाला कुणाशी इतक्या जोरात हात मिळवताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, अहो अण्णा, बॉस्टनकडे लोक तिसऱ्यांचं सूपच मुळी दुधात करतात, त्यांना काही होत नाही. तर तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तसे पांढरे पडलेत." सॅलला हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. तुम्हीच हसायला लागलात, आणि हसताना दम लागेल म्हणून मी घाबरले, पण लागला नाही.

तेव्हापासून एक बुधवार सोडून एक बुधवार. त्या चीझवरून आपण शेवटपर्यंत भांडलो. मी म्हणायची, ही अंधश्रद्धा आहे, तुम्ही हेडमास्तर असून असं बोलता. तुम्ही म्हणायचात, तुझ्या त्या लायब्ररीतली सगळी पुस्तकं एका बाजूला आणि समुद्राकाठच्या दोन म्हाताऱ्यांचं एकमत एका बाजूला. निकाल लागायचा राहिला. मी हरलेले नाही हे लक्षात ठेवा.

मी काही डोळे मिटून नेत नव्हते तुम्हाला. सॅलला मी पहिल्याच महिन्यात सगळं सांगितलं होतं, हृदय, गोळ्या, मीठ. तो म्हणाला, "मी मीठ घालणार नाही. पण समुद्राने घातलंय ते मी कसं काढू?" अर्धीच प्लेट मागवायची, पाव नाही, रस्सा प्यायचा नाही, असे माझे नियम होते. रस्सा तुम्ही प्यायचात. मी दुसरीकडे बघत असताना, शिंपल्यात भरभरून. आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे. हेही लिहून ठेवते.

तिसरी खायला मला तुम्हीच शिकवलंत. रिकामा शिंपला घ्यायचा आणि त्याचा चिमटा करून पुढचा शिंपला सोलायचा, काट्याला हात लावायचा नाही. "काटा म्हणजे इंजेक्शन," म्हणायचात. पहिली तिसरी मी नाक मुठीत धरून गिळली. दुसरी चावली. पाचवीला तुम्ही म्हणालात, "आता झालीस आमची." लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पुण्यात माझ्या आईला मी हे अजून सांगितलेलं नाही, आता सांगेन.

आणि तुम्ही बोलायला लागलात, अण्णा. हेच तर कुणी विचारत नाहीये. त्या टेबलावरच्या कागदावर निळा खडू घेऊन तुम्ही सॅलला खाडी काढून दाखवायचात, हे बंदर, ही वाळूची पट्टी, इथे ओहोटीला बायका वाकून तिसऱ्या काढतात. सॅलचे वडील सिसिलीतले कोळी. तो त्याच कागदावर लाल खडूने त्यांचा धक्का काढायचा. तुमचं इंग्रजी हेडमास्तरी, त्याचं अर्धं तोंडातल्या तोंडात, तरी भांडण बरोबर व्हायचं. जाळं कुणाचं बारीक, यावर तुम्ही दोघांनी एकदा पाऊण तास घालवलात आणि माझी कॉफी गार झाली. एकदा तुम्ही खिशातून सोलं, म्हणजे आमसुलं, काढलीत. गावाहून आणलेली, रुमालात बांधलेली. दोन त्याच्या रश्श्यात टाकायला लावलीत. त्याने चमचाभर चाखलं आणि उरलेली सोलं रुमालासकट आत घेऊन गेला. रुमाल काही परत आला नाही. तुम्ही त्याच दिवशी घरी येऊन गावी फोन लावलात आणि तिथल्या शेजारच्या बाबल्याला म्हणालात, इथे एक इटलीचा मालवणी सापडलाय. किती महिन्यांनी तुमचा आवाज मला वरच्या खोलीत ऐकू आला. त्या आवाजाबद्दल माफी मागू? कुणाची?

आता ती गोष्ट, जी मी टाळतेय.

जूनमधला बुधवार. तुम्ही माकुलाचा एक तुकडा हातात धरून कितीतरी वेळ तसेच बसलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "माका घराक जावचा आसा."

सूचना नव्हती ती, तक्रारही नव्हती. आठ वर्षांचं पोर म्हणेल तसं म्हणालात. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "विचारते हं सुहासला."

विचारलं मी. एकदा. सुहास डिशवॉशर भरत होता, पाठ माझ्याकडे. तो म्हणाला, "मेधा, बी प्रॅक्टिकल. तिकडे कोण आहे बघायला? रात्री दम लागला तर हॉस्पिटल किती लांब आहे माहितीये ना तुला? आणि सहा महिन्यांच्या वर राहिले तर ग्रीन कार्डचा इश्यू होईल." यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, "हो, तेही खरंच." एवढं बोलून मी ताटल्या त्याच्या हातात द्यायला लागले. माशांच्या बाबतीत मी एवढी शूर, अण्णा, की वर्षभर नवऱ्याच्या तक्त्याला वळसा घालून तुम्हाला नेत राहिले. आणि घरी जायच्या बाबतीत माझं शौर्य एका वाक्यात संपलं. मासे चोरून देता येतात. विमान चोरून देता येत नाही. त्यासाठी समोर उभं राहून बोलावं लागतं, ते मी केलं नाही.

पुढच्या खेपेला तुम्ही विचारलंत, "विचारलंस?" मी म्हटलं, "बघू या, थंडीत." तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. मी मात्र दर खेपेला वाट बघायची, आज काढतील. काढला असतात तर मी पुन्हा "विचारते" म्हटलं असतं की आणखी काही, मला माहीत नाही. त्याचंच मला फार वाईट वाटतं.

शेवटच्या बुधवारी तुम्ही थकलेले होतात. सॅलने टोमॅटोच्या तिखट रश्श्यातल्या शिणाण्या, ते काळे लांबट शिंपले, केल्या होत्या, तुमच्यासाठी, मिरची जास्त घालून. अर्ध्या खाल्ल्यात आणि म्हणालात, बांधून घे. "उद्या गुरुवार. परवा शुक्रवार आहे, परवा खाईन." इतके दिवस मी तिथून कधी काही घरी आणलं नव्हतं, पुरावा नको म्हणून. पण अन्न टाकायचं नाही ही आपली जन्माची सवय. डबा आणला आणि फ्रिजच्या तळाशी, कोथिंबिरीच्या मागे लपवला.

गुरुवारी सकाळी तुम्ही उठला नाहीत. एवढंच लिहिते. न खायच्या वारी गेलात, वार पाळलात.

शुक्रवारी घर माणसांनी भरलेलं असताना विजूताईंनी दूध शोधायला फ्रिज उघडला आणि तो डबा बाहेर काढला. झाकण उघडलं. सगळ्या स्वयंपाकघरात तो वास पसरला. "हे काय आहे? सुतकाच्या घरात?" त्यांनी विचारलं. मी खोटं बोलू शकले असते, शेजाऱ्यांनी आणून दिलं म्हणून. माझ्या तोंडून निघालं, "अण्णांचं आहे. आज खाणार होते." मग विचारपूस झाली, कधीपासून, किती वेळा, सुहासला माहीत होतं का. सुहास माझ्याकडे बघत होता. त्याने तो डबा ताईंच्या हातातून घेतला, झाकण नीट लावलं आणि बाहेर कचऱ्यात टाकून आला. येताना फ्रिजवरचा तक्ता काढून खिशात घातला. डॉक्टरांना त्याने फोनवर विचारलं, खाण्यामुळे झालं का. ते म्हणाले, सांगता येणार नाही. म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. हे उत्तर मी जन्मभर सांभाळीन, ते ओझं माझं आहे, ते मी कुणाच्या डोक्यावर टाकत नाही. पण ओझं वाहणं वेगळं आणि पश्चात्ताप वेगळा. उद्या कुणी मला तेच वर्ष परत दिलं, तर मी तुम्हाला पुन्हा नेईन, आणि बुधवार सोडून बुधवार नाही, दर बुधवारी नेईन.

काल चौदावा दिवस, बुधवार. सकाळी मी विजूताईंना म्हटलं, सुतक फिटलं की तुमच्याकडे तिखटाचं जेवण असतं ना, मासे-मटणाचं, ते मी करायला चाललेय. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे काय असतं ते मला शिकवू नकोस." मी म्हटलं, "शिकवत नाहीये. बोलावतेय." त्या आल्या नाहीत. मी फ्रिजवर, तक्ता असायचा त्याच जागी, चिठ्ठी लावली, हॉटेलचं नाव, रस्ता, एक वाजता. सुहासच्या फोनवरही तोच पत्ता आणि वेळ सांगून निरोप ठेवला: आम्ही अण्णांच्या नेहमीच्या जागी जेवतोय. ईशाला घेतलं आणि गेले.

सॅलला काहीच माहीत नव्हतं. "व्हेअर इज द बॉस?" त्याने विचारलं, काठीने चालल्याची नक्कल करत. मी सांगितलं. त्याने कमरेचं फडकं सोडलं, घडी केली आणि आमच्या टेबलाशी बसला. दुपारच्या गर्दीत मालक बसून राहिलाय, वेट्रेस दोनदा येऊन गेली, तो हलला नाही. मग उठून आत गेला आणि कागद घेऊन आला. तुम्ही काढलेली खाडी. त्याने ती टेबलावरून फाडून घेऊन शेगडीजवळच्या भिंतीला लावली होती, तेलाचे डाग पडलेली. निळं बंदर, वाळूची पट्टी, विहीर, घर, आणि घरापर्यंत एसटी स्टँडवरून येणारा रस्ता बाणांसकट. "हे काढून तो मला म्हणाला होता, ये," सॅल म्हणाला.

ईशाने तिसऱ्या कशा खायच्या ते मला दाखवलं. दोनदा सुट्टीत आपण तिला नेलं होतं, आठवतंय? "यू युज द एम्प्टी वन ॲज द चिमटा, आई. आजोबा सेड सो." चिमटा हा शब्द ती इतका स्वच्छ म्हणाली की मी रडले. तिथेच, पहिल्यांदा.

दीड वाजता सुहास आला. गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. दारात थांबून त्याने ती जागा बघितली. "कुठे बसायचे?" मी दाखवलं. ईशा उठून माझ्याकडे सरकली. तो तुमच्या खुर्चीत बसला आणि सॅलने न विचारता त्याच्यापुढे शेवया आणून ठेवल्या.

त्याने चार-पाच तिसऱ्या खाल्ल्या, काट्याने. मग म्हणाला, "तू मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?"

सुहास खोटं बोलत नाही, तुमचाच मुलगा. "नाही," म्हणाला. "पण तुम्ही दोघं इथे हसत होतात, आणि मी घरी येऊन त्यांचं वजन लिहीत होतो. एकदा तरी मला बोलवायचं यार."

अण्णा, हे त्याने तेराव्याच्या दिवशी म्हटलं असतं तर मी फोटोसमोर काय, त्याच्यासमोर उभी राहिले असते. मी त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही.

मग मी त्याला जूनमधलं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात, तुमच्याच शब्दांत. तो म्हणाला, मला माहीत आहे, तू विचारलं होतंस. मी म्हटलं, नाही, मी विचारल्यासारखं केलं होतं. त्यांनी मला वकील केलं आणि मी तुझी पहिली तीन वाक्यं ऐकून फाइल बंद केली. आपण दोघांनी त्यांना इथे ठेवलं, तू काळजीने आणि मी भिडेपायी. तुझी काळजी तरी खरी होती.

शनिवारी आम्ही तिघांनी समुद्रावर जायचं ठरलं होतं, इथल्याच, जर्सी शोअरला, अस्थी घेऊन. विजूताईंना तोवर थांबता येणार नव्हतं, पण गुरुजींशी त्यांनीच बोलून ठेवलं होतं. मी म्हटलं, "शनिवारचं मी कॅन्सल केलं. सकाळी गुरुजींना फोन केला. डिसेंबरची तिकिटं बुक केलीत, तीन. अण्णांना घरी न्यायचंय."

"मला विचारलं नाहीस?"

"नाही."

ईशाने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. सॅल दारातून बघत होता, त्याला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. सुहासने तुमचा कागद स्वतःकडे वळवला. बराच वेळ बोटाने रस्त्यावरून फिरत राहिला, स्टँडपासून घरापर्यंत. मग पेल्यातला हिरवा खडू घेतला. "अण्णांनी माड चुकीच्या जागी काढलाय," म्हणाला. "तो विहिरीच्या अलीकडे आहे." आणि त्याने माड काढला. वाईट काढला, चित्रकला तुमच्यासारखीच.

वरून बॅगेची चाकं ओढल्याचा आवाज येतोय. विजूताई आता खाली येतील आणि विचारतील, मागितलीस का? त्यांना मी हो म्हणणार आहे, कारण ते खरं असेल. हा कागद त्यांना वाचायला देईन. वेंगुर्ल्याचा पत्ता त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे, यायचं असेल तर येतील.

तर अण्णा, आता उठून उभी राहतेय. माशांबद्दल नाही, मिठाबद्दल नाही, शिंपल्यातल्या रश्श्याबद्दल नाही, त्या सगळ्या बुधवारांबद्दल तर मुळीच नाही. तुम्ही घरी जायचं म्हणालात आणि मी "विचारते" म्हटलं, त्या एका शब्दाबद्दल मला माफ करा. तो शब्द मी आता टाकला. काल मी विचारलं नाही, अण्णा. सांगितलं.